फायर स्टेशनात भरलेला बाजार

चंद्रशेखर गावंडे आयुष्यात पहिल्यांदा बाजारात विकायला उभा राहिला तेव्हा त्याच्यापुढे मेथीच्या ताज्या जुड्या होत्या आणि तोंडाला कुलूप होतं. बेथनी क्रॉसिंग नावाच्या त्या छोट्याशा गावात, फायर स्टेशनच्या मागे खडी टाकलेल्या मैदानावर, दर शनिवारी सकाळी बाजार भरायचा. लोक यायचे, मेथीकडे बघायचे. एखादी बाई पान चुरगाळून वास घ्यायची आणि विचारायची, "हे काय आहे?"

"फेन्युग्रीक," चंद्रशेखर म्हणायचा.

बाई थांबायची. हा आणखी काहीतरी सांगेल, निदान कशाशी खायचं ते तरी सांगेल, म्हणून वाट बघायची. हा काही सांगायचा नाही. मग बाई कसंनुसं हसून पुढच्या टेबलाकडे सरकायची, आणि चंद्रशेखर पुन्हा जुड्यांवर पाणी शिंपडायला लागायचा.

तो मूळचा काटोलचा. नागपूरला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग नॉर्थ कॅरोलायनातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. हे काम त्याला मनापासून आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागायचं नाही. २००१ सरता सरता कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला. ग्रीन कार्ड तोवर हातात आलं होतं आणि बायको संध्या एका औषध कंपनीत स्टॅटिस्टिशियन होती, त्यामुळे घर चाललं. पण कॅरी या भारतीयांनी गजबजलेल्या गावात राहणं त्याला नकोसं झालं. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशात, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत जो भेटेल तो हसतमुखाने एकच विचारायचा, "मग, सध्या कुठे?" हळूहळू त्याने कार्यक्रमांना जाणं सोडलं, मग फोन घेणं सोडलं.

एक दिवस तो संध्याला म्हणाला, "आपण जरा लांब राहायला जाऊ या का?"

संध्याला वाटलं, लांब म्हणजे शेजारच्या गावात. निघालं ते बेथनी क्रॉसिंग. कॅरीपासून तासाभराचा रस्ता, जुनं लाकडी घर, मागे मोकळी जमीन आणि कलती झालेली एक शेड. चंद्रशेखरला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचे वडील शाळेत गणित शिकवायचे. शेतं त्याने पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. पण त्या जमिनीवर उभं राहून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "आभाळ किती आहे बघ इथे." संध्या कोथरूडची. तिने आभाळाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे खरं. घेऊ या."

शेजारीण मिळाली ती त्या डिसेंबरात. रात्रभर गोठणारा पाऊस पडला. सकाळी बघतात तर झाडांच्या फांद्या, विजेच्या तारा, गाडीच्या काचा, सगळं जाड काचेच्या आवरणात घातल्यासारखं. पाइनची झाडं फटाक्यासारखी कडाडून मोडत होती. वीज गेली ती आठवडा झाला तरी आली नाही. दोघं स्वेटरावर स्वेटर चढवून गोधडीत बसलेले असताना दारावर थाप पडली. दारात साठीची एक ठेंगणी बाई, पायात गमबूट, अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ कोट.

"तुमच्या धुराड्यातून धूर निघत नाहीये," ती वेगळ्याच उच्चारांच्या इंग्रजीत म्हणाली. "म्हणजे एक तर तुम्ही मेलात, नाहीतर तुमच्याकडे लाकडं नाहीत. चला माझ्याकडे."

ही ओदील. फ्रान्सच्या मध्यावर डोंगराळ मुलुख आहे, तिथल्या एका खेड्यात जन्मलेली. अमेरिकन माणसाशी लग्न करून इकडे आली, तो गेल्यावर इथेच राहिली आणि बकऱ्या पाळून त्यांच्या दुधाचं चीज करून विकायला लागली. वीज येईपर्यंत संध्या आणि चंद्रशेखर तिच्या लाकडाच्या शेगडीपाशी झोपले, तिच्याकडचं कांद्याचं सूप प्यायले. संध्याने तिला त्याच शेगडीवर पिठलं करून घातलं. ओदीलने ते ब्रेडवर माशाच्या पेस्टसारखं फासून खाल्लं आणि कृती विचारून घेतली.

तिच्याच आग्रहाने चंद्रशेखर मार्चमध्ये बाजाराचा सभासद झाला. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळे पेरले. बाकी काही धड आलं नाही, मेथी मात्र अशी तरारली की बघत राहावं. बाजारात ओदीलचं टेबल त्याच्या शेजारीच होतं. ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, सुरीच्या टोकावर चीजचा तुकडा पुढे करायची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायची, कुणाच्या कुत्र्याला रागवायची. बघता बघता तिचं टेबल रिकामं व्हायचं.

"शेकार," ती एकदा म्हणाली. चंद्रशेखर हे नाव तिच्या जिभेवर तेवढंच मावायचं. "तू मेथी विकत नाहीस. तू तिची राखण करतोस."

"मला जमत नाही हो," चंद्रशेखर म्हणाला. "काय बोलायचं तेच सुचत नाही."

"माझ्या गावी बुधवारचा बाजार असायचा. माझी आजी अर्धा दिवस कोंबड्यांबद्दल बोलायची आणि शेवटी कोंबडीवालीकडून अंडी घ्यायची. बाजारात लोक काय फक्त खायला घ्यायला येतात? घरी बसून कंटाळलेले असतात म्हणून येतात. त्यांना काहीतरी सांग. काहीही सांग."

चंद्रशेखरने मान डोलावली. पुढच्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "फेन्युग्रीक. हिरवी असते." ओदीलने कपाळावर हात मारून घेतला.

त्यात त्या वर्षीच्या वसंतात पावसाने अंत पाहिला. आठवडाभर बरं असायचं, आणि शनिवार उजाडला की आभाळ भरून यायचं. मैदानात डबकी साचली. तंबूंच्या छपरांवर पाण्याचे फुगे धरायचे आणि कुणाच्या तरी मानेत रिकामे व्हायचे. गिऱ्हाईक रोडावलं, मग विकणारेही रोडावले. मधवाला यायचा थांबला, ब्रेडवाल्या बहिणी थांबल्या. मे महिन्यात एका शनिवारी बाजाराचा अध्यक्ष हार्लन सगळ्यांच्या टेबलांवरून फिरला. हार्लन सत्तरीचा, स्ट्रॉबेरी आणि मुळ्यांचा शेतकरी, एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं न बोलणारा. चंद्रशेखरला त्याच्याबद्दल म्हणूनच आपुलकी होती.

"पुढच्या शनिवारी असंच झालं तर बाजार बंद," हार्लन म्हणाला. "सप्टेंबरात बघू."

ओदील उसळलीच. "पावसाला घाबरून बाजार बंद? आमच्याकडे बर्फात बाजार भरतो! बायका छत्रीखाली छत्री लावून बसतात!"

"तुमच्याकडे भरत असेल," हार्लन म्हणाला आणि पुढे गेला.

चंद्रशेखरला वाईट वाटलं आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मेथी तर कुणी घेतच नव्हतं. उरलेली मेथी दर शनिवारी संध्या परतून, वाळवून, पराठ्यांत कोंबून संपवत होती. तरी शनिवारी पहाटे उठून जुड्या बांधायच्या, पिकअप ट्रकात भरायच्या आणि चार माणसांत जाऊन उभं राहायचं, याची त्याला सवय झाली होती. कुणाशी बोललो नाही तरी लोकांत असल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी दुपारी ओदील गोठ्याच्या दारात चिखलावरून घसरली. पाय मोडला नव्हता, पण घोटा टम्म सुजला. डॉक्टरने पट्टी बांधली आणि आठवडाभर पाय खाली टेकवायचा नाही म्हणून बजावलं. संध्याकाळी दोघं तिला बघायला गेले, तर ती सोफ्यावर पाय वर करून बसली होती आणि चेहरा सुजेपेक्षाही लाल झाला होता.

"उद्याचा बाजार झालाच पाहिजे," ती म्हणाली. "मी नसले तर हार्लन नक्की बंद करणार. शेकार, माझं चीज तू घेऊन जा. तू विकशील."

चंद्रशेखर दचकला. "मी? मला माझी मेथी विकता येत नाही!"

"मेथी तुझी आहे, म्हणून लाजतोस. चीज माझं आहे. माझी तारीफ करायला तुला लाज कसली?"

संध्याने विचारलं, "आणि उद्या सकाळी बकऱ्यांचं दूध कोण काढणार?"

ओदील तिच्याकडे बघत राहिली.

"नाही," संध्या म्हणाली. "मी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी आहे. मी बकरीला हातसुद्धा लावलेला नाही."

"हात धुऊन ये पाचला," ओदील म्हणाली.

शनिवारी पहाटेच संध्याने मेथी बारीक चिरून, तीन-चार पिठं कालवून धपाट्यांचा मोठा ढीग थापून भाजला आणि कापडात गुंडाळून चंद्रशेखरच्या हातात दिला. "गिऱ्हाइकाला चव दे. बोलता येत नाही तर निदान खायला घाल." मग ती दंडापर्यंत बाह्या सरसावून, फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखी ओदीलच्या गोठ्याकडे गेली.

चंद्रशेखर बाजारात पोचला तेव्हा पावसाने ठरवल्यासारखा जोर धरला होता. वाराही होता. मैदानात चार-पाचच ट्रक, माणसं आत बसलेली, काचा वर. एकाने तंबू उभारायचा प्रयत्न केला तर तो छत्रीसारखा उलटा होऊन कुंपणावर जाऊन आदळला. हार्लन रेनकोट घालून मधोमध उभा होता.

"बंद," तो म्हणाला. "घरी जा."

चंद्रशेखर ट्रकात बसून राहिला. मागे ओदीलच्या चीजचे डबे होते. साधं ताजं, वर राख चोळलेलं आणि मुरवलेलं, तिन्ही प्रकार तिने स्वतः पुसून, कागदात बांधून रचले होते. ते तसेच परत नेले तर ती काय म्हणेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याहून वाईट म्हणजे ती काहीच म्हणाली नाही तर कसं, हेही आलं. त्याने समोर पाहिलं. पावसाच्या पलीकडे फायर स्टेशनचं मोठं दार उघडं होतं. आत दोन लाल बंब, वर पक्कं छप्पर, खाली कोरडी, स्वच्छ फरशी.

धपाट्यांचं गाठोडं आणि ताज्या चीजचा एक डबा हातात घेऊन तो ट्रकातून उतरला आणि आपण काय करतो आहोत हे नीट कळायच्या आत दारापर्यंत पोचला. आत चार-पाच जण कॉफी पीत उभे होते. हे सगळे गावचेच लोक, हौसेने आग विझवायला येणारे. त्यांची प्रमुख बेकी, एरवी शाळेची बस चालवायची.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"माझं नाव चंद्रशेखर," तो म्हणाला. अंगावरून पाणी निथळत होतं. "मी मेथी विकतो. म्हणजे विकत नाही, कुणी घेत नाही. पण आज माझ्याकडे ओदीलचं चीज आहे. तिचा पाय मुरगळलाय. आणि हार्लन म्हणतो बाजार बंद. आणि तुमचे बंब... बंब भिजले तर चालतात ना?"

बेकीने कॉफीचा कप खाली ठेवला. "भिजले तर?"

"म्हणजे ते बाहेर उभे केले तर आत टेबलं लावता येतील. आग लागली तर तुम्हाला बाहेर काढायची गरजच नाही, आधीच बाहेर असतील. उलट लवकर जाता येईल."

मग एक दाढीवाला माणूस खो खो हसायला लागला. "बेकी, मुद्दा बरोबर आहे त्याचा!"

बेकीही हसली. "तुझ्या हातात काय आहे?"

चंद्रशेखरने कापड उघडलं. धपाटे अजून कोमट होते. त्याने एकावर ओदीलचं ताजं चीज फासलं, गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. आणि मग, कुठून आलं देव जाणे, तो बोलायला लागला. "यात मेथी आहे. कडू असते, पण वाईट कडू नाही, कॉफी असते ना तशी. आमच्याकडे थंडीत खातात. माझी आई यात तीळ घालते. चीज ओदीलचं. तिच्या बकऱ्या दिवसभर ब्लॅकबेरीची पानं खातात, म्हणून त्याला असा वास येतो."

बेकीने घास घेतला, डोळे मिटले, उघडले. "बंब बाहेर काढा रे," ती म्हणाली.

दोन्ही बंब गुरगुरत बाहेर पावसात जाऊन उभे राहिले. फायरवाल्यांनीच टेबलं उचलायला मदत केली. हार्लन रेनकोटातून पाणी गाळत दारात आला, आतली लगबग बघितली, चंद्रशेखरकडे बघितलं.

"तू विचारलंस?"

"हो."

"हं," हार्लन म्हणाला आणि स्ट्रॉबेरीच्या टोपल्या आणायला गेला.

आत बाजार मांडला गेला खरा, पण गिऱ्हाईक कुठे होतं? फायरवाल्यांनी धपाटे खाल्ले, चीज घेतलं, मेथीसुद्धा घेतली. दाढीवाल्याने तर चंद्रशेखरला ती कशी परतायची ते विचारून घेतलं. बेकीने रस्त्यावर जाऊन पाटी लावली: बाजार आत चालू आहे, गाड्या इकडे वळवा. तासभर झाला. दोन-तीन गावकरी आले, आणखी कुणी नाही.

मग एक रुपेरी मिनिव्हॅन पाटी बघून आत वळली. छत्री उघडून एक जोडपं धावत दारात आलं. बाई आत शिरता शिरता मराठीत म्हणत होती, "तुला सांगत होते ना संजय, आधी फोन कर म्हणून! एवढ्या चिखलात स्ट्रॉबेरी तोडायला शेतात उतरू देणार आहेत का तिथे?"

चंद्रशेखरने त्याला लगेच ओळखलं. संजय बोरकर. त्याच्याच कंपनीत, पलीकडच्या विभागात असलेला, नागपूरचाच. त्याचा विभाग वाचला होता. दर महिन्याला फोन करायचा, आणि चंद्रशेखरने तो उचलणं बंद केलेलं. आता पायात चिखलाचे बूट, अंगात ओदीलने चीजबरोबर दिलेला तिचा फुलाफुलांचा एप्रन, हातात सुरी. टेबलाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करावं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो थोडा वाकलाही.

"शेखर?" संजय म्हणाला. "अबे, शेखर ना तू?"

तो सरळ झाला. "हो."

"काय बे! कुठे गायब झालास? किती फोन केले यार तुला! आम्हाला वाटलं इंडियाला परत गेलास." संजयने त्याला चिखल-एप्रनासकट मिठी मारली. "आणि हे काय करतोस?"

चंद्रशेखरने एक श्वास घेतला. आजपर्यंत टाळलेला तो प्रश्न समोर उभा होता. "शेती करतो," तो म्हणाला. "म्हणजे शिकतोय. मेथी बरी येते. बाकीचं अजून जमत नाही."

संजय काही बोलायच्या आत त्याच्या बायकोने, आश्लेषाने, टेबलावर झडप घातली होती. "मेथी! संजय, ताजी मेथी! अरे, मुळांसकट आहे! आपल्या ग्रोसरीत ट्रकातून येते ती काळी पडलेली असते. शेखरदादा, ही तुम्ही लावलीत? मला या सगळ्या द्या. थांबा, सगळ्या नको, नाहीतर बाकीच्या बायका मला जिवंत ठेवणार नाहीत." तिने पर्समधून सेलफोन काढला. "कॅरीत आज घरोघरी सगळ्या बसल्यायत पावसाला शिव्या देत."

तिने कुणाकुणाला फोन केले ते चंद्रशेखरला कळलं नाही. त्याला एवढंच ऐकू येत होतं, "हो गं, मेथी... हो, ताजी... फायर स्टेशन, हो, लाल बंब दिसतील बाहेर, त्याच्याच आत."

आणि तासाभराने त्या आल्या. पावसातून एकामागून एक मिनिव्हॅन वळायला लागल्या. सलवार-कमीझवर विंडचीटर घातलेल्या, जीन्सवर शाल गुंडाळलेल्या, नवऱ्यांना, पोरांना, भारतातून आलेल्या एखाद्या सासूलाही घेऊन. फायर स्टेशनात मराठी, हिंदी, तेलुगू, सगळं एकदम घुमायला लागलं. बेथनी क्रॉसिंगचे लोक एवढ्या गाड्या बघून आग लागली की काय म्हणून धावत आले, आणि आले ते बाजार करूनच गेले.

एका आजींनी मेथीची जुडी हातात तोलून विचारलं, "यावर कोथिंबीर फुकट ना?"

"आजी, इथे तसं नसतं," चंद्रशेखर म्हणाला.

"म्हणजे कसं असतं?"

तो थबकला. मग आपल्या खुरट्या कोथिंबिरीतल्या चार काड्या उचलून त्यांच्या पिशवीत घातल्या. "इथेही तसंच असतं," तो म्हणाला.

मेथी बघता बघता संपली. बायका हार्लनच्या टेबलाकडे वळल्या. त्याचे मुळे लालबुंद, टवटवीत, पण पाला कापून टाकलेला.

"पाला कुठाय?" आश्लेषाने त्याला इंग्रजीत विचारलं.

"ट्रकात. फेकायचा आहे."

"फेकायचा?" चार-पाच जणी एका सुरात किंचाळल्या.

चंद्रशेखर मध्ये पडला. "हार्लन, त्याची भाजी होते. डाळ घालून. लसणाची फोडणी. तुमच्याकडचा कॉलर्डचा पाला असतो ना, त्याच्या शेजारी ठेवली तर तुम्ही कॉलर्ड विसराल. आणा तो इकडे." हार्लनने त्याच्याकडे असं पाहिलं जणू टेबलाला वाचा फुटली. पण गेला, पाला घेऊन आला, आणि तोही संपला.

ओदीलच्या चीजचं मात्र अवघड होतं. बायका वास घेऊन नाक मुरडत होत्या. चंद्रशेखर धपाट्याच्या तुकड्यांवर फासून देत होता, ओदीलच्या गावच्या बुधवारच्या बाजाराबद्दल सांगत होता, तिच्या आजीच्या कोंबड्यांबद्दल सांगत होता, त्या डिसेंबरातल्या बर्फाबद्दल आणि दारात उभ्या राहिलेल्या तिच्या गमबुटांबद्दल सांगत होता. लोक उभं राहून ऐकत होते, हसत होते. ऐकता ऐकता खात होते आणि खाल्ल्यावर घेत होते. आश्लेषाने ताज्या चीजचा एक डबा उघडून बोट घातलं, चाटलं, विचारात पडली.

"चक्क्यासारखं लागतंय," ती म्हणाली. "साखर घातली तर श्रीखंड होईल."

"बकरीचं श्रीखंड?" संजय म्हणाला.

"वेलदोडा जास्त घालीन."

तिने तीन डबे घेतले.

जाताना संजय एकटा थोडा मागे रेंगाळला. "शेखर," तो म्हणाला, "माझा विभागही जातोय. ऑगस्टमध्ये. अजून आश्लेषाशिवाय कुणाला सांगितलं नाही."

चंद्रशेखरने हातातली सुरी खाली ठेवली. "घरी ये रविवारी," तो म्हणाला. "दोघंही या. बसून बोलू. नळ दुरुस्त करायला मदत पण लागते मला."

"नळ?" संजय हसला. "येतो."

बाजार उठला तेव्हा सगळी टेबलं रिकामी होती. फायरवाल्यांनी फरशी पाइप लावून धुतली आणि बंब मागे घेतले. हार्लन रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होता.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला, आणि जरा थांबून, फार कष्टाने, आणखी एक वाक्य बोलला. "त्या बायका येतील का?"

"येतील," चंद्रशेखर म्हणाला. "पाला कापू नका तेवढा."

ओदीलच्या घरी पोचला तेव्हा संध्या पायरीवर बसली होती. केसांत गवत, चष्म्यावर दुधाचे वाळलेले थेंब, एका गुडघ्यावर खुराचा चिखल. "एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली. "त्या काळ्या बकरीने बादली दोनदा उलटवली. दोनदा! आणि ही बाई सोफ्यावरून माझ्यावर फ्रेंचमध्ये ओरडते. मला फ्रेंच येत नाही हे बरं आहे."

"पण दूध काढलंस?"

संध्याने मान वर केली. "काढलं," ती म्हणाली, आणि पीएचडीच्या दिवशीसुद्धा ती एवढी ऐटीत दिसली नव्हती.

आत ओदील वाट बघत होती. चंद्रशेखरने रिकामे डबे तिच्यापुढे ठेवले. तिने ते उलटे करून बघितले, झाकणं बघितली, मग विचारलं, "काय झालं ते सांग. सगळं सांग."

आणि चंद्रशेखरने सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, हातवारे करून, हार्लनचा आवाज काढून, आजींचा आवाज काढून. ओदील हसता हसता घोटा धरून कळवळत होती आणि पुन्हा हसत होती. श्रीखंडाचं ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला.

"साखर?" ती म्हणाली. "माझ्या चीजमध्ये साखर?"

"आणि वेलदोडा. आणि केशर."

ओदीलने एका रिकाम्या डब्याला झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मला एक वाटी आणून द्यायला सांग," ती शेवटी म्हणाली. "मग ठरवते रागवायचं की नाही."

संध्या भिंतीला टेकून नवऱ्याकडे बघत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या माणसाने इतका वेळ सलग बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. सुपाचं भांडं शेगडीवर चढलं, तिघं जेवायला बसली, तरी तो बोलतच होता. शेवटी संध्याने त्याच्या हातात ब्रेड दिला आणि म्हणाली, "शेखर, आता जरा खा."

रविवारी लख्ख ऊन पडलं. जमिनीतून वाफ निघत होती, पाइनच्या शेंड्यांवर पक्षी कलकलाट करत होते. वाफ्यात आता उपटलेल्या मेथीचे नुसते खळगे उरले होते. चंद्रशेखर अनवाणी चिखलात उतरला आणि कुदळीने नवी सरी ओढायला लागला. संध्या मेथीदाण्यांची वाटी घेऊन त्याच्या मागून चालत होती. दूध काढून तिची बोटं अजून दुखत होती, म्हणून दाणे कधी जवळ पडत होते, कधी लांब.

"ओळ वाकडी होतेय," तो मागे वळून म्हणाला.

"होऊ दे," संध्या म्हणाली. "उगवली म्हणजे झालं."

रस्त्यावर रुपेरी मिनिव्हॅनचा हॉर्न वाजला.